सर्जरीचं विभागप्रमुखपद: पहिलं वर्ष कसं काढायचं

विभागप्रमुखपदाची ऑर्डर हातात पडेपर्यंत सर्जन एकाच कामात मुरलेला असतो: टेबलावरचा पेशंट. तिथे काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं, बोटांना कळतं, चुकलं तर तिथल्या तिथे सावरता येतं. विभागाचं तसं नसतं. तुम्ही शेजारच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) असताना, राउंड संपवून घरी गेल्यावर, रजेवर असताना जे घडतं तेही आता तुमच्याच नावावर, आणि त्यातलं बहुतेक तुम्हाला दिसणारच नाही. जे दिसत नाही ते वेळेत कानावर कसं येईल, याची सोय करणं हे मला या पदाचं पहिलं काम वाटतं. बाकीची कामं त्याला धरूनच येतात.

असं का म्हणते, ते आधी सांगते. अमेरिकेतल्या रुग्णालयांमधल्या जनरल आणि व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जरीच्या ८४,७३० पेशंटचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत २४.६ टक्के पेशंटना काही ना काही कॉम्प्लिकेशन (ऑपरेशननंतरची गुंतागुंत) झालं होतं, सर्वांत जास्त मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत २६.९ टक्क्यांना. म्हणजे जवळपास सारखंच. फरक पडला तो पुढे. मोठं कॉम्प्लिकेशन झालेल्यांपैकी पहिल्या गटात १२.५ टक्के पेशंट दगावले, दुसऱ्या गटात २१.४ टक्के. गुंतागुंत दोन्हीकडे झाली; एका ठिकाणी ती लवकर ओळखून पेशंटला बाहेर काढलं गेलं, दुसरीकडे उशीर झाला. सर्जन कितीही निष्णात असला तरी रात्री तीन वाजता वॉर्डात वाढलेली नाडी तो स्वतः मोजत नसतो. ती मोजणारी, तिचा अर्थ लावणारी आणि फोन उचलणारी माणसं म्हणजेच विभाग.

१. पहिला महिना: बघा, ऐका, काही बदलू नका

नव्या प्रमुखाचे हात शिवशिवत असतात. जुन्या प्रमुखांच्या काळात खटकलेल्या दहा गोष्टी पाठ असतात आणि पहिल्याच आठवड्यात सर्क्युलर निघतं. ते टाळा. एखाद्या गोष्टीने थेट जिवाला धोका असेल तर ती त्याच दिवशी थांबवा; बाकी सगळं महिनाभर तसंच राहू द्या.

या महिन्यात तीन ठिकाणी मुद्दाम उभे राहा. सकाळी पहिली केस आत जायच्या अर्धा तास आधी ओटीत, स्क्रब न होता (म्हणजे हात धुऊन ऑपरेशनला उभं न राहता). दुपारी रिकव्हरी रूममध्ये. आणि एखाद्या रात्री अकराच्या सुमारास वॉर्डात, हँडओव्हर (पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं) चालू असताना. कुणाला सूचना देऊ नका, फक्त बघा. कन्सेंटचा कागद कुठे अडकतो, रक्त मागवल्यावर किती वेळाने येतं, एका रेसिडेंटने (शिकाऊ डॉक्टरने) दुसऱ्याला काय सांगितलं आणि काय सांगायचं राहिलं, हे कुठल्याही मीटिंगमध्ये कळत नाही.

मग एकेकाला भेटा. ओटीच्या इन्चार्ज सिस्टर, ॲनेस्थेशियाचे प्रमुख, आयसीयू, रक्तपेढी, निर्जंतुकीकरण विभागाचे सुपरवायझर, रेकॉर्ड सेक्शन. त्यांना आपल्या केबिनमध्ये बोलावू नका, त्यांच्या जागी जा. दोन प्रश्न पुरतात: “आमच्या विभागाच्या कामात तुम्हाला भीती कशाची वाटते?” आणि “अशी कुठली गोष्ट आहे जी तुम्ही आधी सांगितली होती, पण कुणी मनावर घेतली नाही?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हमखास लिहून घ्या. त्यातली एक गोष्ट, छोटी का होईना, महिना संपायच्या आत मार्गी लावा. सांगितलेलं ऐकलं जातं, हे लोकांना त्यावरूनच कळतं.

२. फोन कधी करायचा ते लिहून द्या

माझ्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. आतड्याचा जोड केलेल्या एका पेशंटची नाडी चौथ्या दिवशी रात्री १२० च्या वर राहिली. ताप फारसा नव्हता, पोट थोडं फुगलेलं होतं. रेसिडेंटच्या मनात शंका आली होती. पण आठवड्यापूर्वी अशाच एका फोनवर मी त्याला म्हणाले होते, “एवढ्यासाठी उठवलंस?” त्या रात्री त्याने फोन केला नाही. सकाळच्या राउंडला पोट कडक झालेलं होतं, जोड लीक झाला होता. पेशंट वाचला, पण आयसीयूत बरेच दिवस काढून आणि स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) घेऊन. चार्टवर रात्री एकची नोंद त्याच्या हातची होती. ती मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. त्या सहा तासांना जबाबदार माझं एक वाक्य होतं.

त्यानंतर आम्ही एक पानी यादी केली आणि ती वॉर्डात, आयसीयूत, ओटीत लावली. या गोष्टी घडल्या की कन्सल्टंटला (वरिष्ठ सर्जनला) फोन करायचाच, करावा की न करावा हा विचार करायचा नाही: कारण न सापडलेली वाढलेली नाडी, तासाला किलोमागे अर्ध्या मिलीलिटरपेक्षा कमी लघवी, वाढत जाणारी ऑक्सिजनची गरज, नव्याने आलेला गोंधळलेपणा, ड्रेनमधून (स्राव बाहेर काढणाऱ्या नळीतून) रक्त किंवा आतड्यातला स्राव, न ठरवता आयसीयूत हलवणं, पेशंटला पुन्हा ओटीत न्यावं असं कुणालाही वाटणं. आणि शेवटची ओळ: “सिस्टरना काळजी वाटते.” एवढं कारण पुरेसं आहे. अनुभवी सिस्टरना आकड्यांच्या आधी पेशंटचा चेहरा कळतो.

यादीबरोबर मोजमापही हवं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेला आणि २०१७ मध्ये सुधारलेला ‘न्यूज’ (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) सोपा आहे. श्वासाची गती, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्धीची पातळी आणि तापमान यांना गुण द्यायचे, पेशंटला ऑक्सिजन चालू असेल तर त्याचे वेगळे. बेरीज ५ झाली की डॉक्टरने तातडीने येऊन बघायचं, ७ झाली की क्रिटिकल केअरची टीम. तुमच्याकडे दुसरा स्कोअर चालू असेल तर तोच ठेवा. अमुक आकड्याला कोण किती मिनिटांत येणार आणि तो आला नाही तर पुढचा फोन कुणाला, हे नावानिशी ठरलेलं असलं पाहिजे. ही साखळी मध्येच तुटली तर नुसते आकडे भरून काही उपयोग नाही.

आणि फोन आला की पहिले शब्द ठरवून ठेवा. मी “बरं केलंस फोन केलास” असं म्हणते. फोन विनाकारण असला तरी तेच. का विनाकारण होता ते दुसऱ्या दिवशी, दिवसाउजेडी, शिकवण्याच्या सुरात समजावता येतं.

३. मोजा, पण आकड्यांशी प्रामाणिक राहा

तिसऱ्या महिन्यापर्यंत विभागाचा स्वतःचा हिशेब सुरू झाला पाहिजे. फार काही नको: किती ऑपरेशन झाली, त्यातली इमर्जन्सी किती, ३० दिवसांतले मृत्यू, पुन्हा ओटीत न्यावे लागलेले पेशंट, जखमेचे संसर्ग, न ठरवता आयसीयूत गेलेले आणि घरी जाऊन परत भरती झालेले. डिस्चार्जपर्यंतचंच मोजाल तर जखमेचे बरेच संसर्ग हातातून निसटतील, कारण ते घरी गेल्यावर दिसतात. तिसाव्या दिवशी एक फोन करायला माणूस नेमा.

कॉम्प्लिकेशनला “लहान”, “मोठं” अशी विशेषणं लावू नका. प्रत्येकाचं लहान वेगळं असतं. क्लॅव्हिएन-डिंडो वर्गीकरण वापरा. ते आधी १९९२ मध्ये आलं, २००४ मध्ये सुधारलं गेलं आणि उपचार काय करावे लागले यावर बेतलेलं आहे. औषधावर किंवा रक्त देऊन भागलं तर दुसरी श्रेणी, पुन्हा ऑपरेशन, एंडोस्कोपी किंवा ड्रेन घालावा लागला तर तिसरी, जिवावर बेतून आयसीयू लागलं तर चौथी, मृत्यू पाचवी. यात मतभेदाला फार जागा उरत नाही.

दोन धोके आहेत. पहिला लहान संख्येचा. एखाद्याच्या ३० केसेसमध्ये एकही मृत्यू नाही म्हणून त्याचा मृत्युदर शून्य ठरत नाही. सोपा हिशेब असा: ३ ला केसेसच्या संख्येने भागा. म्हणजे इथे खरा दर १० टक्क्यांपर्यंत असूनही ३० केसेस सुखरूप पार पडू शकतात. तीन महिन्यांच्या आकड्यांवरून कुणाला डोक्यावर घेऊ नका आणि कुणाला खाली पाडू नका. दुसरा धोका जास्त गंभीर आहे. आकडे शिक्षेसाठी वापरले जातात असं एकदा पसरलं की सर्जन अवघड पेशंटला हात लावणं टाळतात, आणि ज्याला ऑपरेशनची खरी गरज असते तोच दारातून परत जातो. म्हणून वय, इतर आजार, इमर्जन्सी की ठरवून केलेलं, हे सोबत नोंदवल्याशिवाय दोन सर्जनचे आकडे शेजारी ठेवूच नका.

हे काम कुणालाच सोपं गेलेलं नाही. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ नंतर आपल्या छोट्या रुग्णालयातल्या प्रत्येक पेशंटचा शेवटी काय परिणाम झाला याचा पाठपुरावा केला आणि ३३७ पेशंटमध्ये आढळलेल्या १२३ चुका छापून जाहीर केल्या. समव्यावसायिकांची नाराजी त्यांनी आयुष्यभर सोसली. पण आज आपण जे ऑडिट म्हणतो त्याची पायवाट त्यांनी पाडली.

४. मॉर्टॅलिटी मीटिंग: विभागाचा स्वभाव इथे घडतो

दगावलेल्या आणि चुकलेल्या केसेसची चर्चा करायची ही बैठक; सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दिवस आणि वेळ पक्की ठेवा, त्या दिवशी ऑपरेशनची लिस्ट उशिरा सुरू करा म्हणजे ओटी हे न येण्याचं कारण उरणार नाही. ॲनेस्थेशियाचे डॉक्टर आणि सिस्टर नसतील तर मीटिंग घेऊ नका. अर्धी गोष्ट त्यांच्याकडे असते.

पहिल्या मीटिंगमध्ये पहिली केस तुमची स्वतःची मांडा, आणि ती खरोखर चुकलेली असू द्या. निर्णय कुठे चुकला ते स्वतःच्या तोंडाने सांगा. प्रमुखाने हे केलं की रेसिडेंटची जीभ सुटते. नाही केलं तर पुढची पाच वर्षं “पेशंटची कंडिशनच खराब होती” एवढंच ऐकायला मिळेल.

प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा आहे. कोणी केलं, यापासून सुरुवात केलीत की सगळे मिटून जातात. त्याऐवजी वेळेच्या क्रमाने जा: कुठल्या तासाला काय माहीत होतं, त्या माहितीवर काय करायला हवं होतं, ते का झालं नाही. “का” तीन-चारदा विचारलं की बहुतेक वेळा माणसाच्या मागे उभी असलेली व्यवस्था दिसते. सीटी उशिरा झाला, कारण रात्री फॉर्मवर कन्सल्टंटची सही लागते. सही मिळाली नाही, कारण कन्सल्टंट ओटीत होते. मग दुरुस्ती सहीच्या नियमात करायची. प्रत्येक केसअखेर एक बदल, एक नाव, एक तारीख लिहा. पुढच्या मीटिंगची सुरुवात त्या वहीपासून.

थोडक्यात बचावलेल्या केसेसही आणा. मॉप काउंट (रक्त टिपायच्या कापडांची मोजणी) जुळत नव्हता आणि पोट बंद करायच्या आत मॉप सापडला, चुकीच्या बाजूची खूण वेळेत लक्षात आली, अशा गोष्टी कुणाचंही नुकसान न होता शिकवून जातात. ज्या सिस्टरने काउंट जुळेपर्यंत सर्जनला थांबवलं, तिचं कौतुक सगळ्यांसमोर करा.

ही सवय नसली तर काय होतं ते इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या उदाहरणात आहे. तिथल्या लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेतल्या मृत्यूंबद्दल भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांनी आकडे गोळा करून वरिष्ठांना सांगायचा प्रयत्न केला, आणि ते वर्षानुवर्षं मनावर घेतलं गेलं नाही. २००१ च्या चौकशी अहवालाने काढलेला निष्कर्ष असा: १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालची ३० ते ३५ बाळं अपेक्षेपेक्षा जास्त दगावली. अहवालाने हेही म्हटलं की तिथली माणसं कळकळीने काम करणारी होती. मला हे वाक्य सर्वांत अस्वस्थ करतं. कळकळ आपल्याही विभागात असते.

एक गोष्ट मीटिंगच्या बाहेरची. टेबलावर पेशंट गेला की त्या सर्जनकडे, रेसिडेंटकडे त्याच दिवशी जा. पुढची केस तो करू शकतो का ते विचारा, आणि नाही म्हणाला तर दुसऱ्याला उभं करा. नातेवाइकांशी बोलायला त्याला एकट्याला पाठवू नका.

५. ओटीची लिस्ट

ओटी हा विभागाचा सगळ्यात महागडा तास. तरीही वेळ वाया जातो तो बहुधा सुरी हातात यायच्या आधी. पहिली केस ठरल्या वेळी सुरू झाली का, हे महिनाभर रोज लिहा आणि उशिराचं कारण एका शब्दात: कागद, रिपोर्ट, बेड, सर्जन, भूलतज्ज्ञ, ट्रॉली. कारणं मोजकीच निघतात. “सर्जन” हा शब्द सगळ्यात जास्त वेळा आला तर सुरुवात स्वतःच्या घड्याळापासून करा.

लिस्ट काठोकाठ भरू नका. शेवटचा अर्धा तासही भरला की एक केस लांबली तरी शेवटचा पेशंट उपाशीपोटी दिवसभर थांबून परत वॉर्डात जातो. इमर्जन्सीसाठी वेगळं टेबल राखता आलं तर राखा. नाहीतर दिवसाची इमर्जन्सी रात्रीवर ढकलली जाते आणि दमलेल्या हातांकडे जाते. रद्द झालेल्या प्रत्येक केसच्या पेशंटला कन्सल्टंटने स्वतः जाऊन सांगायचं, असा नियम करा. रद्द होण्याचं प्रमाण यानेही कमी होतं.

जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट २००८ पासून आहे: भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर जाण्याआधी असे तीन थांबे, एकूण १९ मुद्दे. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले आणि कॉम्प्लिकेशन्स ११ वरून ७ टक्क्यांवर. पण कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत ती लागू झाल्यावर मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही; तो अभ्यास २०१४ चा. या दोन निकालांमधलं अंतर मी ओटीत उभं राहून पाहिलं आहे. एका ओटीत सगळे हात थांबतात, एकमेकांना नावं सांगतात, अँटिबायोटिक चीर घेण्याआधी गेलं का ते मोठ्याने विचारतात. दुसऱ्या ओटीत ऑपरेशन अर्ध्यावर आल्यावर कुणीतरी कोपऱ्यात बसून टिकमार्क करतं. कागद दोन्हीकडे पूर्ण भरलेला. म्हणून कागद तपासू नका. आठवड्यातून एकदा जाऊन तो थांबा पाहा.

६. हात कोणाचे, हक्क कोणाचा

कुठला सर्जन कुठलं ऑपरेशन स्वतंत्रपणे करू शकतो याची लेखी यादी असावी, आणि तीत तुमचंही नाव असावं. नवं तंत्र सुरू करायचं असेल तर पहिल्या काही केसेसना अनुभवी माणूस शेजारी, पेशंटला तशी स्पष्ट कल्पना, आणि प्रत्येक केसची नोंद. मिशिगनमधल्या २० बॅरिॲट्रिक (लठ्ठपणावर ऑपरेशन करणाऱ्या) सर्जनचे व्हिडिओ सहकाऱ्यांनी पाहून गुण दिले, तो अभ्यास २०१३ मध्ये आला. तळाच्या चौथाईतल्या सर्जनच्या पेशंटमध्ये कॉम्प्लिकेशन १४.५ टक्के, वरच्या चौथाईत ५.२ टक्के. हातातला फरक दिसतो आणि मोजता येतो, म्हणजे तो शिकवताही येऊ शकतो. महिन्यातून एकदा एकमेकांचे व्हिडिओ बघायला बसा. सुरुवात पुन्हा प्रमुखाच्या व्हिडिओने.

एखादा सर्जन उत्तम हाताचा असतो आणि ओटीत ओरडतो, हत्यारं फेकतो. त्याच्या केसेसमुळे नाव होतं म्हणून सगळे गप्प असतात. तुम्ही गप्प बसू नका. त्याच्या ओटीत काउंट जुळत नसताना सिस्टर तोंड उघडणार नाहीत, हे त्याला एकांतात, उदाहरण देऊन सांगा, लिहून ठेवा आणि पुन्हा घडलं तर वर कळवा. तो वयाने मोठा असेल, तुमचा शिक्षकही असेल. तरी सांगावं लागतं. “सर, तुमच्याकडून शिकले म्हणूनच बोलते आहे” असं म्हणून मी सुरुवात केली होती. पहिल्या दिवशी त्यांनी ऐकून घेतलं नाही. तिसऱ्यांदा ऐकलं.

७. विभाग एक, इमारती अनेक

तुमची संस्था तीन-चार रुग्णालयांची असेल तर कुठलं ऑपरेशन कुठे, हा निर्णय टाळू नका. अन्ननलिका, स्वादुपिंड यांसारख्या मोठ्या शस्त्रक्रिया जिथे वर्षाला मोजक्याच होतात तिथे धोका जास्त असतो, हे २००२ पासून मोठ्या आकडेवारीने दाखवलेलं आहे. त्या एका ठिकाणी आणा, जिथे रात्री आयसीयू, एंडोस्कोपी आणि रेडिओलॉजीचे हात हजर आहेत. रक्तस्राव थांबवणं, फुटलेलं आतडं, पीळ पडलेलं वृषण यांना मात्र प्रवास परवडत नाही. ती सोय प्रत्येक इमारतीत हवी. पेशंट हलवायचा झाला तर सर्जन ते सर्जन थेट फोन, आणि “बेड बघून सांगतो” हे उत्तर चालणार नाही असा ठराव करून घ्या. मॉर्टॅलिटी मीटिंग सगळ्यांची एकत्रच घ्या, नाहीतर लहान रुग्णालयातले सर्जन कायम पाहुणे राहतात.

८. व्यवस्थापनाशी बोलताना

“स्टाफ कमी आहे” या वाक्याने आजवर काही मिळालेलं मी पाहिलं नाही. “गेल्या तीन महिन्यांत इतक्या केसेस रिकव्हरीत बेड नसल्याने रद्द झाल्या, त्यातल्या इतक्या कॅन्सरच्या होत्या” या वाक्याने मिळालेलं पाहिलं आहे. हिशेबाची वही इथेही कामी येते. एका वेळी एकच मागणी न्या.

९. तुमची स्वतःची लिस्ट

ऑपरेशन करणं सोडू नका. हात थांबले की ओटीतला शब्दही हलका होतो. पण पूर्वीइतकी लिस्ट ठेवलीत तर विभाग संध्याकाळी सातनंतरच्या उरलेल्या वेळात चालेल. मी चार दिवसांवरून दोनवर आले आणि मोठ्या केसेस दोन सहकाऱ्यांना वाटून दिल्या. पहिले सहा महिने जड गेले.

त्या दोन दिवसांसाठी उपप्रमुख नेमा, नावाने आणि लेखी. तुम्ही स्क्रब असताना विभागाचा फोन त्यांच्याकडे, निर्णयही त्यांचा, आणि तो तुम्हाला पटला नाही तरी त्या दिवशी बदलायचा नाही. वॉर्डातल्या यादीवर तुमच्या नंबरखाली त्यांचा नंबर लिहा. दोन्ही फोन लागले नाहीत तर तिसरा कोणाला, हेही लिहा.